दुसऱ्या सूर्यांचे गुरू: गच्चीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा संपला की ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर महिन्यातून एकदा आम्ही चार-पाच जण आठ इंची दुर्बीण लावतो. चंद्राचे खड्डे आणि शनीची कडी बघून झाली की कुणीतरी हमखास विचारतं, "असे ग्रह दुसऱ्या ताऱ्यांनाही असतात का हो?" उत्तराला सुरुवात करावी तोवर लिफ्ट येते आणि गोष्ट अर्धी राहते. म्हणून हे प्रश्न इथे लिहून ठेवतोय. ओघ सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या मोठ्या, गुरूच्या जातीच्या ग्रहांवर आहे, कारण या विषयाची सुरुवातच त्यांच्यापासून झाली.

तुमच्या दुर्बिणीतून असा ग्रह दिसतो का?

नाही. तारा दाखवू, ग्रह नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणींनाही यातले बहुतेक ग्रह कधी दिसलेले नाहीत. ताऱ्याच्या झगमगाटात ते बुडून जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी निळी-जांभळी, पट्टेदार, लाव्हा ओकणारी चित्रं चित्रकाराने काढलेली असतात. ती काढण्याला माझी हरकत नाही, पण खाली "नासाने टिपलेला फोटो" असं लिहून पुढे ढकलू नका, एवढी विनंती.

मग आहे हे कळतं कसं?

ताऱ्याच्या चालीवरून. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो खरं, पण दोघंही त्यांच्या सामायिक वजनाच्या मध्याभोवती फिरत असतात. तारा जड, म्हणून त्याची फेरी अगदी लहान. मात्र फेरी ती फेरीच. तो जरा आपल्याकडे येतो, जरा लांब जातो.

नाहूर स्टेशनवर न थांबता जाणारी फास्ट गाडी हॉर्न देत येते तेव्हा आवाज चढा लागतो, आणि पुढे निघून गेली की लगेच उतरतो. प्रकाशाचंही तसंच. ताऱ्याचा प्रकाश रंगांत फाकवला की जो पट्टा दिसतो तो वर्णपट. तारा जवळ येताना त्यातल्या काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, लांब जाताना तांबड्या. हे सरकणं इतकं सूक्ष्म असतं की ते मोजणारं यंत्र बनवण्यातच कित्येकांची उमेदीची वर्षं गेली.

आकडे बघा. आपला गुरू सूर्याला सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर वेगाने डुलवतो, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. घोडबंदर रोड मोकळा असेल तर रिक्षा जाते, तेवढा वेग. हे डुलणं एकदा पूर्ण व्हायला जवळजवळ १२ वर्षं लागतात. आपली पृथ्वी सूर्याला सेकंदाला जेमतेम ९ सेंटीमीटर हलवते. सकाळी नऊ वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दी सरकते ना, तसं. मोठे ग्रह आधी का सापडले, याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पहिला कधी सापडला?

सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला १९९५ मध्ये. मिशेल मेयोर आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी दिदिए क्वेलो हे दोघे जिनिव्हाचे. दक्षिण फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या १.९३ मीटर दुर्बिणीवर ते काम करत होते. ५१ पेगासी नावाचा, आपल्यापासून सुमारे ५० प्रकाशवर्षांवरचा तारा सेकंदाला पन्नास-साठ मीटरने पुढेमागे होतोय, आणि तोही दर ४.२३ दिवसांनी, असं त्यांना दिसलं.

चार दिवस! बुध सूर्याभोवती ८८ दिवसांत फिरतो आणि आपण त्यालाच घाईचा समजतो. इथे गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या भागावर, म्हणजे ताऱ्याला जवळपास चिकटून, चार दिवसांत फेरी मारत होता. क्वेलोला आधी वाटलं, आपल्याच प्रोग्रॅममध्ये काहीतरी चुकलंय. दोघांनी घाई केली नाही. तारा पुन्हा आकाशात येईपर्यंत महिनोन् महिने थांबले, जुलै ९५ मध्ये परत मोजलं, आकडे जुळले, आणि ६ ऑक्टोबरला फ्लोरेन्सच्या परिषदेत सांगितलं. काही दिवसांतच कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेतून जेफ्री मार्सी आणि पॉल बटलर यांनी तेच डुलणं मोजून दुजोरा दिला. २०१९ चं भौतिकशास्त्राचं निम्मं नोबेल मेयोर आणि क्वेलो या दोघांना मिळालं.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. ऑटो स्ट्रुव्ह नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच एक छोटासा लेख लिहून ठेवला होता: ताऱ्याच्या अगदी जवळ गुरूएवढे ग्रह असायला काय हरकत आहे? असले तर ते ताऱ्याच्या वेगावरून सापडतील, आणि ताऱ्यासमोरून गेले तर प्रकाश कमी होऊनही सापडतील. दोन्ही बरोबर निघालं. पण मोठे ग्रह लांबच असायचे, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. त्यामुळे जवळ शोधायला चाळीस वर्षं कुणी मनापासून गेलंच नाही.

पण तारा स्वतःच फुगत-आकसत असेल तर? ग्रहच कशावरून?

हा प्रश्न आमच्याकडे एका नववीतल्या मुलीने विचारला होता, आणि तो तेव्हा शास्त्रज्ञांनीही विचारला. १९९७ मध्ये कॅनडातल्या एका तारे-अभ्यासकाने ५१ पेगासीच्या रेषांचा आकारच बदलतोय, म्हणजे ही ताऱ्याची स्पंदनं आहेत, ग्रह नाहीच, असा दावा केला. पुढच्या वर्षी अधिक नेमकी मापं घेतल्यावर त्यानेच तो मागे घेतला.

शंका खऱ्या अर्थाने मिटली ती १९९९ मध्ये. एचडी २०९४५८ या सूर्यासारख्या ताऱ्याचं डुलणं आधीच मोजलेलं होतं. डुलण्याच्या हिशेबाने ग्रह ज्या वेळी समोर यायला हवा, नेमक्या त्याच वेळी ताऱ्याचा प्रकाश दीड टक्क्याच्या आसपास घटला. दोन अगदी वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं. शिवाय सावलीवरून ग्रहाचा आकार कळला. वजन गुरूपेक्षा कमी, पण व्यास गुरूपेक्षा मोठा. म्हणजे हा वायूचा फुगाच. पुढे हबल दुर्बिणीला त्याच्या वातावरणातून गाळून आलेल्या प्रकाशात सोडियमची खूण सापडली.

सावलीचं जरा समजावून सांगा.

चहाची बशी घ्या, साधारण १२ सेंटीमीटरची. हा सूर्य. तिच्यासमोर काबुली चण्याचा दाणा धरा. हा गुरू. बशीचा शंभरावा भाग झाकला जाईल. आता चण्याऐवजी खसखशीचा दाणा धरा, ती पृथ्वी. किती झाकलं गेलं? दहा हजारांत एक भागही नाही.

हीच बशी धरून अंतरं सांगता येतील?

येतील, आणि मला हा खेळ फार आवडतो. बशी ठाण्याच्या तलावपाळीच्या कठड्यावर ठेवा. खसखशीची पृथ्वी १३ मीटरवर. चण्याचा गुरू ६७ मीटरवर. ५१ पेगासीचा ग्रह? त्याची बशी वेगळी, पण तिच्यापासून त्याचा चणा जेमतेम दोन-सव्वादोन फुटांवर. ती दुसरी बशी ठेवायची कुठे? तलावपाळीवरून निघायचं, सरळ चालत राहायचं आणि पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घालून पुन्हा तलावपाळीवर यायचं, तिथे. चाळीस हजार किलोमीटर. आणि हा तारा म्हणे आपला शेजारी.

गुरू इतका जवळ गेला कसा? तिथेच जन्मला का?

बहुधा नाही. मोठा वायूग्रह बनायला आधी बर्फ-दगडाचा भक्कम गाभा लागतो, मग तो भोवतालचा हायड्रोजन-हेलियम ओढून घेतो. ताऱ्याच्या कुशीत बर्फ टिकत नाही आणि मालही पुरेसा नसतो. त्यामुळे असा ग्रह लांब जन्मला आणि नंतर आत आला, असंच बहुतेक जण मानतात.

आत येण्याच्या दोन वाटा सांगतात. पहिली सावकाश: बाल ताऱ्याभोवती धूळ-वायूची तबकडी असते, तिच्याशी ओढाताण करत ग्रह हळूहळू आत सरकतो. दुसरी धसमुसळी: दोन-तीन मोठे ग्रह एकमेकांच्या वाटेत येतात, एकाला धक्का बसून त्याची कक्षा लांबट होते, दर फेरीत तो ताऱ्याच्या अगदी जवळून जातो, आणि भरती-ओहोटीच्या ओढीने ती कक्षा आकसत गोल होते. काही उष्ण गुरू, म्हणजे ताऱ्याला असे चिकटून फिरणारे तापलेले मोठे ग्रह, ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्याच्या उलट दिशेने फिरताना सापडलेत. त्यांच्या बाबतीत मला दुसरी वाटच पटते. सगळ्यांना एकच कारण लावायचा हट्ट धरू नये.

म्हणजे आपली सूर्यमाला वेगळी आणि बाकी सगळीकडे असले तापलेले गुरू?

छे. सुरुवातीला तसं वाटायचं, कारण यादीत तेच होते. वाशीच्या एपीएमसी बाजारात पहाटे शिरलात तर आधी कुणाचा आवाज कानावर पडतो? सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याचा. त्यावरून सगळेच व्यापारी ओरडतात म्हणालात तर फसाल. उष्ण गुरू ताऱ्याला जोरात हलवतो, चार दिवसांत फेरी पूर्ण करतो, म्हणून पहिल्यांदा तोच सापडतो. नीट मोजदाद झाल्यावर कळलं की सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांत जेमतेम एकाकडे असा ग्रह असतो. नासाच्या यादीने सप्टेंबर २०२५ मध्ये ६,००० बाह्यग्रहांचा, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांच्या ग्रहांचा, टप्पा ओलांडला. त्यात पृथ्वी आणि नेपच्यून यांच्या मधल्या मापाचे ग्रह भरपूर आहेत, आणि त्या मापाचा आपल्याकडे एकही नाही.

मला स्वतःला उष्ण गुरूंपेक्षा आपल्या गुरूच्या जागी असलेले गुरू जास्त मोलाचे वाटतात. त्यांच्यासाठी एकाच ताऱ्याकडे दहा-बारा वर्षं बघत बसावं लागतं, संशोधकाच्या नोकरीच्या करारापेक्षाही जास्त. एचआयपी ११९१५ हा तारा सूर्याचा जवळपास जुळा. त्याच्याभोवती साधारण गुरूएवढ्याच वजनाचा ग्रह, साधारण तितक्याच अंतरावर, २०१५ मध्ये जाहीर झाला. या बातमीचं चित्र मला कुणीच पुढे ढकललं नाही.

एकाच ताऱ्याला दोन-तीन मोठे ग्रह असतात का?

असतात. देवयानी तारकासमूहातला अप्सिलॉन अँड्रोमेडी हा ४४ प्रकाशवर्षांवरचा तारा सूर्यापेक्षा थोडा जड आणि गरम. १९९९ मध्ये त्याच्याभोवती तीन मोठे ग्रह असल्याचं कळलं: एक साडेचार दिवसांत फिरणारा, दुसरा आठ महिन्यांत, तिसरा साडेतीन वर्षांत. सूर्यासारख्या ताऱ्याची अनेक ग्रहांची ही पहिली सापडलेली माला. कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीच्या अंधारात हा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. "याला तीन गुरू आहेत" असं सांगितलं की लोक ताऱ्याकडे पुन्हा एकदा, जरा जास्त वेळ बघतात.

ग्रहाचा खरा फोटो एकाचाही नाही?

आहे की. तरुण, अजून जन्माच्या उष्णतेने धगधगणारे आणि ताऱ्यापासून खूप लांब असलेले काही मोठे ग्रह थेट टिपलेत. २०२० मध्ये चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने टीवायसी ८९९८-७६०-१ या ताऱ्याच्या दोन ग्रहांचा एकत्र फोटो घेतला. सूर्यासारख्या ताऱ्याचे एकाहून जास्त ग्रह एका चित्रात येण्याची ती पहिली वेळ. तारा सुमारे ३०० प्रकाशवर्षांवर, वय अवघं १ कोटी ७० लाख वर्षं. आपला सूर्य साडेचार अब्ज वर्षांचा, त्या मानाने हे तान्हं बाळ. ग्रहांची वजनं गुरूच्या अंदाजे १४ आणि ६ पट, अंतरं पृथ्वी-सूर्य अंतराच्या १६० आणि ३२० पट. बशीच्या हिशेबात सांगायचं तर तलावपाळीवरून एक ग्रह माजिवड्याच्या अलीकडे, दुसरा कापूरबावडी ओलांडून मानपाड्याच्या वाटेवर.

फोटो बघून मात्र हिरमोड होतो. काळ्या पटावर दोन ठिपके, आणि मध्ये ताऱ्याचा प्रकाश झाकल्यावर उरलेली खळबळ. मला तो सगळ्या रंगीत चित्रांपेक्षा देखणा वाटतो.

बातमीत "किमान वजन" लिहितात. वजन किमान कसं असेल?

जत्रेतला आकाशपाळणा आठवा. पाळण्याच्या कडेच्या रेषेत उभे राहिलात तर पाळणे तुमच्याकडे येतात आणि लांब जातात. समोरून बघितलात तर नुसते गोल फिरताना दिसतात, जवळ कुणी येत नाही. ताऱ्याचं फक्त येणं-जाणं मोजता येतं. कक्षा आपल्या नजरेला तिरकी असेल तर ते कमी भरतं आणि ग्रहही खरा आहे त्यापेक्षा हलका वाटतो. म्हणून म्हणायचं, किमान एवढा तरी आहेच. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना दिसला की कोन कळतो आणि "किमान" गळून पडतं.

नावं अशी विचित्र का? आणि "ए" सोडून "बी"पासून सुरुवात?

एचडी, एचआयपी ही ताऱ्यांच्या याद्यांची नावं, पुढचा आकडा यादीतला क्रमांक. तारा हाच पहिला धरतात, म्हणून ग्रह "बी"पासून: ५१ पेगासीचा ग्रह तो "५१ पेगासी बी". सापडला त्या क्रमाने, अंतराच्या नव्हे.

भारतात कुणी असे ग्रह शोधतं का?

हो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची माउंट अबूला गुरुशिखरवर वेधशाळा आहे. तिथे "पारस" नावाचा वर्णपटमापक ताऱ्यांचं हेच डुलणं मोजतो. २०२१ मध्ये त्यांनी टीओआय १७८९ या म्हातारपणाकडे झुकलेल्या ताऱ्याचा ग्रह जाहीर केला: वजन गुरूच्या ७० टक्के, फेरी ३.२ दिवसांची.

यात जीव असू शकेल?

या ग्रहांवर उभं राहायला जमीनच नाही, खोल खोल वायू. उष्ण गुरूंवर तापमान हजार अंशांच्या पुढे. नाही.

पत्रिकेत कोणता गुरू धरायचा?

आपलाच. पुढचा प्रश्न.

ठाण्यातून आपण स्वतः असं काही मोजू शकतो का?

डुलणं नाही, सावली मात्र शक्य आहे. जंबुक तारकासमूहात एचडी १८९७३३ नावाचा, सूर्यापेक्षा लहान, नारिंगी तारा आहे. त्याचा मोठा ग्रह सव्वादोन दिवसांनी समोरून जातो आणि प्रकाश दोन टक्क्यांहून थोडा जास्त घटतो. हौशी लोक तो लहान दुर्बिणीला कॅमेरा लावून टिपतात.

आम्हीही टिपला, निदान अर्धा तास तरी तसं वाटलं. एका ऑक्टोबरात मित्राची मोटरवर फिरणारी दुर्बीण गच्चीवर आणली. ठरल्या वेळी आलेख खाली आला. एकाने खालून भजी मागवली. पण आलेख परत वर येईना! खालीच जात राहिला. डोकं वर करून बघितलं तर पातळ ढगांची साय सगळ्या आकाशावर पसरलेली. चौकटीत तुलनेसाठी दुसरा एखादा तारा घेतला असता तर दोघेही एकत्र मंदावताना दिसले असते आणि दोन मिनिटांत उलगडा झाला असता. ज्यांना करून बघायचंय त्यांनी हे आधी लिहून ठेवा: शेजारचा तारा चौकटीत हवाच. भजी मात्र छान होती.

५१ पेगासी कुठे शोधायचा?

नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री आठ-साडेआठला डोकं पूर्ण मागे टाका. महाश्वाचा मोठा चौकोन थेट माथ्यावर असतो. पश्चिमेकडच्या दोन ताऱ्यांचं आपलं पूर्वा भाद्रपदा, पूर्वेकडच्या दोघांचं उत्तरा भाद्रपदा. पूर्वा भाद्रपदाच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ मनात ओढा, तिच्या मध्याशी या आणि हात लांब करून बोटभर पश्चिमेला सरका. तिथला मंद तारा तो. नुसत्या डोळ्यांनी ठाण्यात दिसत नाही. वाशी-नेरुळलाही नाही, पाम बीचचे दिवे आडवे येतात. साध्या द्विनेत्रीतून सहज दिसतो. चटई आणा, उभ्याने मान धरते.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना तो दाखवला तेव्हा त्या बराच वेळ बघून म्हणाल्या, "एवढासाच?" हो काकू, एवढासाच.

भारताने नाव दिलेला ग्रह कोणता? तो दाखवाल?

ग्रहाचं नाव संतमस, ताऱ्याचं बिभा. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने प्रत्येक देशाला एकेक तारा-ग्रहाची जोडी नाव द्यायला दिली. आपल्या वाट्याला एचडी ८६०८१ आला, सुमारे ३४० प्रकाशवर्षांवरचा, सूर्याहून किंचित मोठा आणि गरम तारा. बिभा हे नाव बिभा चौधुरींवरून. वैश्विक किरणांवर मोलाचं काम केलेल्या या भौतिकशास्त्रज्ञ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पहिल्या महिला संशोधक. संतमस म्हणजे ढगाळलेला, झाकोळलेला, आणि ते सुचवलं पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने. ग्रह गुरूच्या किमान दीडपट वजनाचा आणि त्याची फेरी दोन दिवस तीन तासांची. ताऱ्याला तो सेकंदाला दोनशे मीटरच्या वर डुलवतो, म्हणजे विमानाच्या वेगाने.

तारा षडंश तारकासमूहात आहे. मार्च-एप्रिलमध्ये मघा आणि वासुकीतला एकटा तांबूस ठळक तारा यांच्या मधोमध न बघता तांबूस ताऱ्याच्या जरा जवळ बघायचं. तो इतका मंद आहे की ठाण्याच्या आकाशात त्याच्यापर्यंत पोचायला खुणेचे तारेच उरत नाहीत. म्हणून त्याच्यासाठी वांगणी गाठतो. नकाशा हातात धरून, लाल कागद गुंडाळलेल्या टॉर्चच्या उजेडात ताऱ्यामागून तारा ओलांडत जायचं. पहिल्यांदा सव्वा तास लागला. मार्चच्या मध्यावर तो अकराच्या सुमारास सगळ्यात वर येतो, त्यामुळे परतीच्या शेवटच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवा. आम्ही बघितली नव्हती. पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत वांगणीच्या फलाटावर बसून होतो, दुर्बिणीची नळी बाकावर आडवी आणि आम्ही खाली.